तलवारीवरचा लेख वाचताना: आधी लिहिणारा हात ओळखा, मग अक्षरं

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरातून महाराष्ट्र सरकारनं एक तलवार विकत घेतली. किंमत पडली ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपीय घाटाचं, एकधारी, किंचित बाक असलेलं. मूठ मुल्हेरी पद्धतीची, तिच्यावर सोन्याचं काम. आणि पात्याच्या पाठीवर, मुठीलगत, सोन्यात भरलेली देवनागरी अक्षरं: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'.

मराठी वाचकाला हे वाचायला कुणाची मदत लागत नाही, भाषांतराचा तर प्रश्नच नाही. तरीही या पाच शब्दांपुढे जरा थांबायला हवं. रघोजी म्हणजे कोणते? नागपूरकर भोसल्यांमध्ये पहिले रघुजी १७५५ मध्ये वारले, दुसरे १८१६ मध्ये, तिसरे १८५३ मध्ये. सेनासाहेबसुभा हा किताब छत्रपती शाहूंनी दिलेला, पण तो पुढच्या पिढ्यांतही चालत राहिला. म्हणजे नाव आणि किताब हातात आले तरी माणूस नक्की होत नाही. ही तलवार पहिल्या रघुजींची मानली जाते. असा निष्कर्ष काढताना पात्याचा काळ, मुठीचा घाट आणि अक्षरांचं वळण ही सगळी साक्ष एकत्र घ्यावी लागते. नुसत्या नावावर ते काम होत नाही.

मला त्यातला शेवटचा शब्द सगळ्यात बोलका वाटतो. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार. स्वतःच्या कमरेच्या तलवारीवर 'ही तलवार फिरंग आहे' असं धन्याला कशाला लिहायला हवं? त्याला ते माहीतच असतं. हा शब्द नोंद ठेवणाऱ्याचा आहे. शेकडो शस्त्रं सांभाळणाऱ्या माणसाला मालक कोण आणि तलवारीची जात कोणती हे दोन्ही एका नजरेत कळायला हवं असतं. हे माझं वाचन आहे, पण तलवारींवरचे लेख बघताना हाच विचार सगळ्यात जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे. लेखात काय लिहिलंय हे शोधण्याआधी तो कोणी लिहिला असेल हे ठरवावं. तलवारीवर लिहिणारे हात साधारण चार: घडवणारा, बाळगणारा, कोठारात ठेवणारा, आणि दुवा मागणारा. प्रत्येकाची जागा, हत्यार आणि भाषा वेगळी असते.

कोठारातला हात

घरात जुनी तलवार सापडली की लोक राजाचं नाव शोधतात. बहुतेक वेळा सापडतं ते कारकुनाचं काम. यात निराश होण्यासारखं काही नाही. माझ्या मते सगळ्या लेखांमध्ये हेच सर्वात प्रामाणिक असतात, कारण ते मिरवायला लिहिलेलेच नाहीत.

याचं उत्तम उदाहरण बिकानेरचं. महाराजा अनूपसिंह औरंगजेबाच्या बाजूनं दख्खनमध्ये लढत होते. १६८९ च्या सुमारास आदोनी पडली. हे ठाणं आता आंध्र प्रदेशात आहे. तिथली दख्खनी शस्त्रं मोठ्या संख्येनं बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यात गेली आणि त्यांच्यावर तिथल्या कोठाराच्या खुणा पडल्या. देवनागरी अक्षरं आणि आकडे, पण सलग रेषेत कोरलेले नाहीत. टोचणीनं एकामागे एक ठिपके मारून काढलेले. आपल्याकडे लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांवर दुकानदार ठिपक्यांनी नाव घालून देतो, अगदी तसेच. कारणही तेच: कठीण धातूत रेघ ओढायला वेळ आणि कसब लागतं, ठिपके पटापट मारता येतात.

अशा खुणा कुठे शोधायच्या? पात्यावर क्वचित. मुठीच्या वरच्या चकतीच्या काठावर किंवा तिच्या खालच्या बाजूला, परजेच्या (बोटांपुढच्या संरक्षक पट्टीच्या) आतल्या अंगाला, कट्यार असेल तर तिच्या बाजूच्या पट्ट्यांवर. म्हणजे हातात धरल्यावर न दिसणाऱ्या, पण शस्त्र फळीवर ठेवल्यावर चटकन वाचता येणाऱ्या जागी.

वाचताना मराठी माणूस इथे एका ठिकाणी हमखास अडतो. एखाद्या नावापुढे 'रो' किंवा 'री' दिसलं की तो नावाचाच तुकडा समजला जातो. मारवाडीत ते आपलं 'चा' आणि 'ची' आहे. शिवाय नुसता आकडा असेल तर ते साल असेलच असं नाही. कोठारातला अनुक्रमांकही असू शकतो. तीन अंकी आकडा बघून लगेच शतक ठरवू नये.

शस्त्रांना प्रती लावण्याची पद्धत जुनी आहे. अकबराच्या शस्त्रागाराबद्दल अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त लिहिलंय की तिथल्या शस्त्रांना नावं होती, दर्जे होते, आणि बादशहाच्या खास तलवारी तीस होत्या. ही नोंद डोक्यात ठेवून साताऱ्याच्या राजघराण्यातल्या त्या प्रसिद्ध तलवारीकडे बघा. तिच्यावर राजा शाहूंचं नाव आहे आणि सोबत 'कदीम अव्वल' हे शब्द. कदीम म्हणजे जुना, पूर्वापार. अव्वल म्हणजे पहिला, पहिल्या प्रतीचा. हे शब्द शाहूंना लावायचे की तलवारीला, यावर सगळा अर्थ फिरतो. राजाला लावले तर 'पूर्वीचे, पहिले शाहू'. तलवारीला लावले तर 'जुनी, पहिल्या प्रतीची'. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण तो कोठाराच्या भाषेत चपखल बसतो. जयपूरच्या सिटी पॅलेसमधल्या शस्त्रदालनाला आजही सिलेहखाना म्हणतात. अशा सिलेहखान्यांमध्ये जुनी-नवी, अव्वल-दुय्यम ही रोजचीच वर्गवारी असणार.

घडवणाऱ्याची सही आणि तिच्या नकला

भारतातल्या जुन्या पात्यांवर सर्वाधिक दिसणारं लोहाराचं नाव कोणतं म्हणाल, तर असदुल्ला इस्फहानी. मजकूर ठरलेला: 'अमल-ए असदुल्ला इस्फहानी', म्हणजे असदुल्ला इस्फहानीचं काम. शेजारी बऱ्याचदा दुसरी चौकट असते: 'बंदा-ए शाह-ए विलायत अब्बास'. इथे शाह-ए विलायत म्हणजे हजरत अली, आणि त्यांचा सेवक म्हणवून घेणारा अब्बास म्हणजे इराणचा शाह अब्बास पहिला. त्याची कारकीर्द १६२९ मध्ये संपली.

वाचून आनंद होणं साहजिक आहे. शाह अब्बासच्या काळातल्या नामांकित लोहाराची तलवार आपल्या हातात! पण या सहीची इतकी पाती जगभर आहेत, आणि त्यांच्यावरची सालं एकमेकांपासून इतकी लांब, की ती एका माणसाच्या आयुष्यात घडणं शक्यच नाही. हे नाव कालांतरानं गुणवत्तेची खूण बनलं. चांगलं जौहरदार, म्हणजे पोलादात लाटांसारखी नक्षी दिसणारं, पातं घडवलं की त्यावर असदुल्लाचं नाव टाकायचं, ही रीत इराणात पडली आणि हिंदुस्थानातही आली. म्हणून या लेखाचं भाषांतर एका ओळीत होतं, आणि त्यातून कळतं ते इतकंच की पातं इराणी वळणाचं आहे किंवा तसं भासवायचं होतं. पातं खरोखर उत्तम असू शकतं. सही मात्र पुरावा म्हणून कामाची नाही.

युरोपीय पात्यांचंही हेच. दख्खनमध्ये फिरंग तलवारींना केवढी मागणी होती हे मराठी वाचकाला सांगायला नको. गोव्यातल्या पोर्तुगीजांमार्फत आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत जर्मनी, इटली, स्पेनची पाती येत, आणि त्यांना इथली मूठ बसे. त्यांच्यावर रोमन अक्षरं दिसतात. 'आंद्रेआ फेरारा' हे सोळाव्या शतकातल्या इटालियन लोहाराचं नाव, पण जर्मनीतल्या सोलिंगेन गावच्या कारागिरांनी ते पुढे कित्येक पिढ्या वापरलं. 'मे फेकित सोलिंगेन' हे लॅटिन आहे, अर्थ 'मला सोलिंगेननं घडवलं'. पळणाऱ्या लांडग्याची चार-सहा रेघांत काढलेली आकृती ही मूळची पासाऊ गावची खूण, तीही सोलिंगेनवाल्यांनी उचलली. दोन समोरासमोर कोयत्यासारख्या कमानी आणि त्यांना बारीक दाते, ही खूण जेनोवाशी जोडली जाते. तिची नक्कल तर अफगाणिस्तानपासून दख्खनपर्यंत सगळीकडे झाली.

इथल्या लोहारांनी रोमन अक्षरं नक्षी म्हणूनही उतरवली. मग अक्षर उलटं पडतं, एखादं गळतं, एखादं दोनदा येतं, आणि सगळं मिळून कुठल्याच भाषेत शब्द होत नाही. असा मजकूर वाचायचा हट्ट धरू नये. त्याची जात 'युरोपीय लेखाची देशी नक्कल' अशी नोंदवली की काम झालं, आणि ती नोंदही इतिहासाच्या दृष्टीनं मोलाची आहे: परदेशी पात्याला किती भाव होता हे तिच्यातून कळतं.

लंडनच्या राजसंग्रहात एक तलवार आहे, तिला आपण जगदंबा म्हणतो. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला तेव्हा कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून ती त्याच्याकडे गेली. तिच्या सरळ युरोपीय पात्यावर आय-एच-एस ही अक्षरं ठोकलेली आहेत. येशूच्या ग्रीक नावातल्या पहिल्या तीन अक्षरांवरून आलेली ही ख्रिस्ती खूण. मराठी राजघराण्यातल्या तलवारीवर ही अक्षरं कशी, असं कुणी विचारलं तर उत्तर साधं आहे: ती पातं घडवणाऱ्याची आहेत, बाळगणाऱ्याची नाहीत.

याच कारणासाठी मूठ आणि पातं हे दोन स्वतंत्र साक्षीदार मानायचे. मूठ पात्यावर राळ-लाखेच्या मिश्रणानं बसवलेली असते. तापवली की सुटते. एक चांगलं पातं शंभर-दीडशे वर्षांत दोन-तीन मुठी बघू शकतं. मुठीवरचं नाव पात्याला चिकटवू नका, आणि पात्यावरचं साल मुठीला.

दुवा मागणारा

फारसी-अरबी लिपीतले बरेच लेख प्रार्थना असतात. 'नस्रुम मिनल्लाहि व फत्हुन करीब', म्हणजे अल्लाहची मदत आणि जवळ आलेला विजय. हे कुराणाच्या ६१ व्या सूरेतलं वचन शस्त्रांवर फार आवडीनं घातलं जाई. 'ला फता इल्ला अली, ला सैफ इल्ला झुल्फिकार', म्हणजे अलीसारखा वीर नाही आणि झुल्फिकारसारखी तलवार नाही. 'या फत्ताह', म्हणजे हे विजय देणाऱ्या. शीखांच्या शस्त्रांवर गुरुमुखीत 'अकाल सहाय'. मराठी आणि राजस्थानी शस्त्रांवर 'श्री', किंवा कुलदेवतेचं नाव.

यातला सगळ्यात गूढ वाटणारा, पण उलगडायला सगळ्यात मजेदार प्रकार म्हणजे छोटा चौकोन. पात्यावर मुठीच्या जरा वर एक चौरस, त्याची चार घरं, आणि प्रत्येक घरात एक आकडा किंवा एक अक्षर. आकडे असतात २, ४, ६, ८. अक्षरं असली तर बे, दाल, वाव आणि हे. दोन्ही एकच. अरबी लिपीत अबजद नावाची पद्धत आहे, तीत प्रत्येक अक्षराला अंक ठरलेला असतो: बे म्हणजे २, दाल ४, वाव ६, आणि ही 'हे' ८. चारही अक्षरं जोडून वाचली की होतं 'बुदूह'. हा शब्द रक्षणाचा मंत्र म्हणून वापरत. आता १ ते ९ आकड्यांचा तो नेहमीचा जादूचा चौरस मांडून बघा, ज्यात उभी, आडवी, तिरपी बेरीज १५ येते. त्याच्या चार कोपऱ्यांत हेच चार आकडे येतात. तलवारीवरचा चौकोन म्हणजे त्या मोठ्या चौरसाचे फक्त कोपरे. हे ठाऊक नसेल तर २४६८ किंवा ८६४२ हे साल आहे की क्रमांक आहे यात डोकं शिणवून घ्याल.

प्रार्थनेवरून मालकाचा धर्म ठरवू नये, हे मी आग्रहानं सांगेन. कुराणाची वचनं असलेली पाती राजपूत राजांच्या शस्त्रागारांत मानानं ठेवलेली आहेत. काही लुटीत आली, काही नजराण्यात, काही सरळ पैसे मोजून घेतलेली. वर सांगितलेल्या बिकानेरच्या शस्त्रांत तर दख्खनी मुसलमानी घाटाची मूठ आणि तिच्यावर मारवाडी हातचे ठिपके एकाच वस्तूवर सुखानं नांदतात.

बाळगणारा

मालकाचं खरंखुरं नाव हा चौथा आणि सगळ्यात दुर्मीळ प्रकार, म्हणून त्याची नक्कलही सगळ्यात जास्त. खरं उदाहरण बघायचं तर टिपू सुलतानाची शय्यागृहातली तलवार. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर ती मेजर जनरल डेव्हिड बेअर्डला देण्यात आली, आणि २०२३ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ती सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. तिच्या पात्यावर सोन्यात 'शमशीर-ए मलिक' असं आहे, म्हणजे राज्यकर्त्याची तलवार. मोगलांच्या खास पात्यांवर सोन्यात भरलेली छोटी छत्री दिसते. तीही मालकीची खूणच, फक्त अक्षरांविना.

आकडे आणि सालं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश बघू.

समजा देवनागरीत १७४६ असं लिहिलंय. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, १६८९-९० आलं. शके असेल तर ७८ मिळवा, १८२४-२५ आलं. इसवी सन असेल तर १७४६. तिन्ही काळांत हिंदुस्थानात तलवारी घडत होत्या, म्हणून नुसत्या आकड्यावरून निवड करता येत नाही. मागे 'संवत', 'सं', 'शके' यांतलं काही पुसट दिसतंय का ते बघायचं. काहीच नसेल तर प्रांत बघायचा: राजस्थानी खूण असेल तर संवत, मराठी असेल तर शके असण्याचा संभव जास्त. इसवी सन असेल तर वस्तू इंग्रजी अमलातली असण्याची दाट शक्यता.

फारसी लेखात साल बहुधा हिजरी असतं. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून नुसती बेरीज चालत नाही. सोपा हिशोब असा: हिजरी आकड्याचे शंभरी तीन कमी करा आणि ६२२ मिळवा. हिजरी ११०५ चे शेकडा ३ म्हणजे ३३, उरले १०७२, अधिक ६२२, झाले १६९४. नेमकं उत्तर १६९३-९४ आहे, म्हणजे हिशोब एखाद्या वर्षानं इकडे-तिकडे होतो. मोगल लेखांत हिजरीसोबत एखादा छोटा आकडा असतो, तो जुलूस, म्हणजे बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले तर लेखावरचा विश्वास वाढतो.

मराठी कागदपत्रांतला शुहूर सन आणखी वेगळा. तो अरबी असला तरी सौर आहे, त्याला ५९९ किंवा ६०० मिळवायचे. ११४६ हा आकडा हिजरी मानला तर १७३३-३४ येतं, शुहूर मानला तर १७४५-४६. बारा वर्षांचा फरक, आणि तेवढ्यात एखादा सरदार उदयाला येऊन मावळलेला असू शकतो.

टिपूनं स्वतःची मौलूदी कालगणना सुरू केली आणि त्या सालाचे अंक त्याच्या नाण्यांवर उजवीकडून डावीकडे लिहिले आहेत. १२१५ हे साल ५१२१ असं दिसतं. म्हैसूरच्या वस्तूवरचा आकडा दोन्ही बाजूंनी वाचून बघावा तो याचसाठी.

फारसी अंकांत तर पावलोपावली खाचखळगे. तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि गंजानं पडलेला खड्डाही ठिपकाच दिसतो. सात हा वर उघडा कोन, आठ तोच कोन उलटा. फोटो उलटा धरला की साताचे आठ होतात. दोन आणि तीन यांत एका दाताचा फरक, आणि तो दात सोन्याचा असेल तर तोच आधी झिजलेला असतो.

अक्षरं दिसत नसतील तर

सोन्याचं काम दोन तऱ्हेचं असतं, आणि कुठलं आहे यावर वाचण्याची आशा ठरते. तहनिशानमध्ये पोलादात खोल खाच पाडून तीत सोनं ठोकून बसवतात. सोनं उपटलं गेलं तरी खाच राहते, म्हणजे अक्षर राहतं. कोफ्तगरीत पृष्ठभागावर छिन्नीनं बारीक आडव्या-तिडव्या रेघा मारून तो खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकतात. ते सोनं वरचेवर असतं, म्हणून लवकर झिजतं. पण खालची खरखर टिकून असते.

ती बघायची रीत अशी. खोलीत अंधार करा. तलवार मऊ कापडावर आडवी ठेवा. टॉर्च वरून मारू नका, पात्याच्या जवळजवळ पातळीत धरून बाजूनं मारा. तिरप्या उजेडात ज्या जागी सोनं होतं ती जागा करड्या, दाणेदार पट्ट्यासारखी उठून दिसते, आणि आजूबाजूचं गुळगुळीत पोलाद काळं पडतं. टॉर्च हळूहळू चारी दिशांनी फिरवा आणि प्रत्येक दिशेचा फोटो घ्या. एका कोनातून आडव्या रेषा दिसतात, दुसऱ्यातून उभ्या. फोटो मागच्या कॅमेऱ्यानं काढा, कारण पुढचा कॅमेरा काही फोनवर चित्र आरशासारखं उलटं साठवतो आणि मग फारसी वाचणाऱ्याचा वेळ फुकट जातो.

फारसी लेख येत नसला तरी दोन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली, नुक्ते. बे, पे, ते, से या चार अक्षरांचा घाट एकच, ओळख फक्त ठिपक्यांची. ते झिजले की एकाच आकृतीचे चार उच्चार संभवतात, म्हणून दोन जाणकार दोन वेगळी नावं सांगू शकतात आणि दोघांचंही चुकलेलं नसतं. दुसरी, चौकटीत बसवलेला मजकूर बऱ्याचदा खालून वर वाचायचा असतो. शब्द एकमेकांवर रचलेले असतात आणि अल्लाहचं नाव आदरानं सगळ्यात वर नेलेलं असतं. वरून खाली वाचलं तर वाक्य लागत नाही.

बनावट कशी कळते

खरी अक्षरं आणि पातं बरोबरीनं म्हातारी झालेली असतात. गंजाचे खड्डे अक्षरांना कुरतडून गेलेले दिसले पाहिजेत. याउलट खड्ड्याच्या तळातही सोनं चमकत असेल, तर पातं गंजल्यानंतर कुणीतरी लेख घातलाय. आम्लानं खाऊन काढलेली अक्षरं एकसारख्या खोलीची असतात आणि त्यांच्या कडा भिंगाखाली कुरतडल्यासारख्या दिसतात. छिन्नीच्या रेघेला सुरुवात, जोर आणि शेवट असतो.

मराठी लेखाच्या बाबतीत आपल्याकडे एक जादा हत्यार आहे: शुद्धलेखन. ऱ्हस्व-दीर्घाचे ठरीव नियम छापखान्यांच्या आणि शाळांच्या काळातले, एकोणिसाव्या शतकातले आणि त्यानंतरचे. त्याआधीचा लेखनिक वेलांटी कानानं आणि सवयीनं देई. शब्द बहुधा सलग लिही, विरामचिन्हं वापरत नसे. म्हणून सतराव्या शतकातली म्हणून दाखवलेल्या तलवारीवर 'छत्रपती शिवाजी महाराज' हे आजच्या पाठ्यपुस्तकासारखं, शब्द तोडून, छापील वळणात लिहिलेलं असेल तर ती हातात घेण्याआधीच शंका घ्यावी. महाराजांच्या नावाला भुलून लोक आयुष्याची पुंजी घालतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जाणकाराकडे नेताना

लेखाचा एकच जवळून काढलेला फोटो पाठवून 'काय लिहिलंय?' विचारू नये. संपूर्ण तलवारीचे दोन्ही बाजूंचे फोटो, मूठ, पात्याची पाठ, टोक, लांबी, आणि लेख कुठे आहे ते दाखवणारा एक मधल्या अंतराचा फोटो द्यावा. घरातली कथा सांगावी, पण वेगळ्या कागदावर आणि लेख वाचून झाल्यावर. 'ही पानिपतावरून आली' हे आधी ऐकलं की वाचणाऱ्याचा डोळाही तेच शोधू लागतो.

उत्तर आलं की तीन ओळी मागा. पहिली, जशी दिसतात तशी अक्षरं, तुटलेली कंसात. दुसरी, पूर्ण करून लावलेला पाठ. तिसरी, अर्थ. नुसता अर्थ घेतलात तर उद्या दुसऱ्या जाणकाराला पहिल्यानं काय पाहिलं आणि काय कल्पिलं हे कळणारच नाही. तलवार शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला ती भेट द्यायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

आणि खंडेनवमीबद्दल. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत या दिवशी तलवारी बाहेर निघतात. पूजेआधी चिंच, राख किंवा पितळ उजळायची पावडर लावून त्या लख्ख केल्या जातात. वर्षानुवर्षं असं घासल्यामुळे कोफ्तगरीचे लेख सपाट झालेले आहेत. शत्रूच्या वारानं गेले नसते इतके आपल्या भक्तीनं गेले. पूजा जरूर करावी. हळद-कुंकू आणि फुलं तलवारीपुढे तबकात ठेवावीत, पात्यावर पाणी लागू देऊ नये, हाताचा घाम मऊ सुती कापडानं पुसावा आणि पात्यावर मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. लेखावर तेल चोळू नये, नुसतं टेकवावं. पावसाळ्यात तलवार म्यानात ठेवू नये, कारण कातडं आणि लाकूड ओल धरून ठेवतात. आणि वर सांगितलेले तिरप्या उजेडातले फोटो यंदाच्या पूजेआधीच काढून, तारीख घालून ठेवावेत.